पेरणे, साकळणे, भरून येणे
दोन विज्ञानविषय मराठीत मांडताना

मराठीत विज्ञान लिहायचे म्हटले की पारिभाषिक शब्दांची अडचण पुढे केली जाते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पारिभाषिक शब्द कोशात सापडतो. नाही सापडला तर मूळ शब्द नागरी लिपीत लिहून काम भागते. खरी अडचण त्याआधीची असते. जे सांगायचे ते घडते कसे, हे साध्या क्रियापदांत सांगता आले पाहिजे. मिसळणे, पेरणे, साकळणे, मुरणे, भरून येणे, थांबणे ही ती क्रियापदे. ती नेमकी वापरली तर निम्मा विषय तिथेच कळतो. ढिली वापरली तर कितीही शुद्ध परिभाषा दिली तरी वाचक कोराच राहतो.

नव्या पलासियात आम्ही काही मराठी माणसे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादा विज्ञानविषय मराठीत बोलून पाहतो. त्यात लागोपाठ दोन विषय आले. पहिला चुंबकीय अर्धसंवाहकांच्या पातळ थरांचा, दुसरा जखमेचा वण वाजवीपेक्षा जास्त का वाढतो याचा. पहिला विषय इंदूरच्या प्रयोगशाळांतला, तर दुसरा गीता भवन ते पलासिया या रस्त्यावरच्या दवाखान्यांतला. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही समजून घेताना आमच्यापुढे एकच प्रश्न आला: नव्याने आलेली गोष्ट आधीच्या विणीत बसली, की वेगळी साठून राहिली? आणि दोन्हीकडे असेही दिसले की नाव चुकले की पुढची कृतीही चुकते. हे दोन विषय क्रमाने उलगडून दाखवावेत, आणि ते सांगायला आपल्या रोजच्या मराठीचा किती उपयोग होतो हेही दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थर किती पातळ?

'पातळ' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. मराठीत वरणही पातळ असते, कागदही पातळ असतो आणि नेसायचे पातळही असते. इथे अर्थ कागदाचा आहे: थर घन आहे, फक्त त्याची जाडी अतिशय कमी आहे. प्रयोगशाळेतला असा थर बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस ०.०८ मिलिमीटर जाड धरला, तर तेवढ्या जाडीत असे आठशे थर एकावर एक मावतील. अणूंच्या हिशेबाने पाहिले तर एका थरात अणूंच्या काही शे ओळी एकावर एक रचलेल्या असतात.

इतका पातळ थर घासून किंवा लाटून होत नाही. तो अणूअणूने बसवावा लागतो. त्याच्या अनेक रीतींपैकी एक लेसरची आहे. झिंक ऑक्साइडची पूड आणि त्यात थोडी कोबाल्ट ऑक्साइडची पूड एकत्र खलतात, दाबतात आणि भट्टीत भाजून त्याची वडी करतात. ही वडी हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवतात. तिच्यावर लेसरचा एकेक झोत पडतो आणि तो सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी वेळ टिकतो. तेवढ्यात वडीच्या पृष्ठभागावरचे अणू उडतात आणि तेजस्वी पिसाऱ्यासारखे पुढे पसरतात. समोर काही शे अंश तापमानाला ठेवलेली स्फटिकाची चकती असते, तिच्यावर ते जाऊन बसतात. तापमान बरोबर असेल तर प्रत्येक अणूला आपली जागा शोधायला थोडी सवड मिळते आणि खालच्या स्फटिकाची वीण वरच्या थरातही उतरते. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी अतिसंवाहक पदार्थाचा थर या रीतीने बसवून दाखवला, त्यानंतर ती जगभर पसरली.

इंदुरात हे काम नवे नाही. खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या परिसरात विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची वैज्ञानिक संशोधनाची संयुक्त संस्था आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक तिथे येऊन थर तयार करतात, तपासतात. शहरात राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रही आहे. त्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली. तिथल्या यंत्राची गोष्ट पुढे येईलच.

विरजण आणि पेरणी

अर्धसंवाहक म्हणजे धातूइतका सढळ हाताने वीज वाहू न देणारा आणि काचेइतका अडवूनही न धरणारा पदार्थ. हिंदी माध्यमाच्या मुलांना तो 'अर्धचालक' म्हणून माहीत असतो. सिलिकॉन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. शुद्ध सिलिकॉन फारसा कामाचा नसतो. त्यात दहा लाख अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू घातला तरी त्याची वीज वाहण्याची क्षमता कित्येक पटींनी बदलते. घरातला दाखला द्यायचा तर विरजणाचा: भांडेभर दुधाला चमचाभर पुरते. अर्थात दाखल्याला मर्यादा आहे. विरजणातले जीवाणू दुधात वाढतात. फॉस्फरसचे अणू घातले तेवढेच राहतात.

आता चुंबकत्वाचा भाग. इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो, शिवाय त्याला 'स्पिन' नावाचा गुणधर्म असतो आणि त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एक इवलासा चुंबक असतो. संगणकाने ही दोन कामे पूर्वापार वेगवेगळ्या पदार्थांकडे दिली. आकडेमोड अर्धसंवाहकात, विद्युतभाराच्या जोरावर; आणि माहितीची साठवण चुंबकीय तबकडीत, स्पिनच्या जोरावर. एकाच पदार्थात दोन्ही जमले तर? वीज बंद झाली तरी न विसरणारा आणि कमी ऊर्जेत चालणारा विचारयंत्राचा भाग करता येईल, अशी ही आशा आहे.

त्यासाठी अर्धसंवाहकात मँगनीज किंवा कोबाल्ट यांसारखे चुंबकीय अणू शेकडा दोन ते पाच या प्रमाणात घालतात. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या हिदेओ ओनो यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज घालून हे करून दाखवले. तिथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मँगनीजचे अणू एकमेकांपासून दूरदूर बसलेले असतात, शेजाऱ्याला थेट हात पोचत नाही. पण प्रत्येक मँगनीज अणूमुळे पदार्थात इलेक्ट्रॉनची एक रिकामी जागा तयार होते. या रिकाम्या जागा फिरत असतात आणि एका मँगनीजची दिशा दुसऱ्यापर्यंत पोचवतात. निरोप्यासारख्याच. निरोप पोचला की सगळे अणू एका दिशेला तोंड करतात आणि संपूर्ण थर चुंबक होतो.

उष्णता मात्र ही शिस्त मोडते. ज्या तापमानाला शिस्त पूर्ण मोडते त्याला पियेर क्यूरी यांच्या नावाने क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचे ते सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे, म्हणून आपल्या घरातला चुंबक वैशाखातही चुंबकच राहतो. ओनो यांच्या थराचे क्यूरी तापमान ११० केल्विन, म्हणजे उणे १६३ अंश सेल्सिअस होते. पुढे ते सुमारे २०० केल्विनपर्यंत चढले, पण तेही उणे ७३ अंशच. असा संगणक टेबलावर ठेवता येत नाही.

२००० मध्ये टोमाझ डिटल आणि सहकाऱ्यांनी गणिताने असे मांडले की झिंक ऑक्साइड किंवा गॅलियम नायट्राइडमध्ये शेकडा पाच मँगनीज आणि पुरेशा फिरत्या रिकाम्या जागा असतील, तर खोलीच्या तापमानालाही चुंबकत्व टिकू शकेल. पुढच्याच वर्षी जपानमधून टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये कोबाल्ट घातलेला पारदर्शक थर खोलीच्या तापमानाला चुंबक असल्याची बातमी आली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातून कथिलाच्या ऑक्साइडमध्ये कोबाल्ट घातलेल्या थराविषयी असेच निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले लेखक सतीशचंद्र ओगले. त्यांनी त्याआधी पुणे विद्यापीठात अध्यापन केले होते आणि पुढे पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व आयसरमध्ये काम केले. काही वर्षे जगभरातून असे निबंध येत राहिले. इंदूरसह भारतातल्या प्रयोगशाळाही त्यात होत्या.

गुठळी

मग शंका सुरू झाल्या. पिठले करताना बेसन पाण्यात नीट मिसळले नाही तर गुठळ्या होतात. चव तीच लागते, पण घास गुठळीचा आला की कळते. थरातही तसेच होऊ शकते. कोबाल्टचे अणू विणीत एकेकटे न बसता एकत्र साकळले, तर धातूच्या कोबाल्टची गुठळी तयार होते. धातूच्या कोबाल्टचे क्यूरी तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या वर आहे, म्हणजे काही नॅनोमीटरची गुठळीसुद्धा खोलीच्या तापमानाला चुंबकीय संकेत देऊ शकते. मोजणाऱ्या यंत्राला फक्त बेरीज दिसते. चुंबकत्व सगळ्या थराचे आहे की चार गुठळ्यांचे, हे ते सांगत नाही. पहिले असेल तर नवा पदार्थ सापडला. दुसरे असेल तर कोबाल्ट चुंबक असतो, हे सर्वांना आधीच माहीत आहे.

ही उकल करायला क्ष-किरण लागतात, तेही साधे नव्हेत. राजा रामन्ना केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन वर्तुळाकार यंत्रे आहेत. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना प्रखर प्रकाश सोडतात, त्यात क्ष-किरणही असतात. या किरणांची ऊर्जा हवी तशी निवडता येते. ती हळूहळू वाढवत नेली की सुमारे ७,७०० इलेक्ट्रॉनव्होल्टला कोबाल्टचा अणू किरण एकदम शोषू लागतो. ही चढण नेमकी कुठे येते, यावरून तो अणू ऑक्सिजनशी बांधलेला आहे की धातूरूपात आहे हे समजते. चढणीपुढच्या बारीक लहरींवरून त्याचे शेजारी कोण आणि किती अंतरावर आहेत हे काढता येते. एखाद्याला सरळ नाव न विचारता शेजाऱ्यांवरून त्याचा पत्ता काढावा, तशी ही रीत आहे. शेजारी ऑक्सिजन आणि झिंक असतील तर अणू विणीत बसला. शेजारी कोबाल्टच असतील तर तो गुठळीत आहे.

याहून साधी फसगतही होते. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात चुंबकत्व सापडल्याची बातमी आली. या पदार्थात चुंबकीय अणू मुळातच नसल्याने तिची बरीच चर्चा झाली. २००५ मध्ये दुसऱ्या एका गटाने तपासून सांगितले की स्वच्छ हाताळलेल्या थरात चुंबकत्व नाही. पण तोच थर स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला तर तेवढ्या मापाचे चुंबकत्व दिसू शकते. थर इतका पातळ असतो की चिमट्याचा ओरखडाही निकाल बदलू शकतो. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या चुंबकीय अर्धसंवाहकाचा शोध अजून चालू आहे. २०१७ पासून एकाच अणुस्तराइतक्या पातळ चुंबकांकडेही लक्ष वळले आहे.

आता शब्दांकडे येऊ. विशिष्ट परके अणू मुद्दाम घालण्याच्या क्रियेला हिंदीत 'अपमिश्रण' म्हणतात. अन्नातल्या भेसळीविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या हिंदी नावातही 'अपमिश्रण'च आहे. म्हणजे हवे ते घालणे आणि नको ते मिसळणे, दोन्हींना एकच नाव. आमच्या बैठकीत मुले गोंधळली ती इथेच. विषयाचा सगळा जीव तर याच फरकात आहे. मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द तयार आहेत. अंतर राखून, मोजून, हेतूने घालणे म्हणजे 'पेरणे'. 'कोबाल्ट पेरलेले झिंक ऑक्साइड' म्हटले की अणू दूरदूर बसले आहेत हे न सांगता समजते. पेरलेले एकत्र साकळले की ती 'गुठळी'. आणि चिमट्याचे लोखंड ही 'भेसळ'. गेल्या पाव शतकातला या विषयातला मोठा वाद या तीन शब्दांत मांडता येतो: पेरणी झाली, गुठळी झाली, की भेसळ?

जखम भरते म्हणजे काय होते?

दुसऱ्या विषयातही पहिला शब्द 'गुठळी'च, या वेळी रक्ताची. कातडी कापली की काही मिनिटांत रक्त साकळते, गुठळी भोक बुजवते आणि वर खपली धरते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेले अवशेष साफ करतात. जखम लाल, गरम, सुजलेली दिसते ती याच दिवसांत. त्यानंतर खरे भरण्याचे काम सुरू होते. तंतुजनक पेशी जखमेत शिरतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करतात. नव्या केशवाहिन्या फुटतात. लालसर, दाणेदार मांस वर येऊ लागते. जुने वैद्य त्याला मांसांकुर म्हणत.

यातल्या काही तंतुजनक पेशी स्नायूंसारखे आकुंचन पावण्याची ताकद मिळवतात आणि जखमेचे काठ आत ओढतात. जीनिव्हातले ज्युलिओ गाब्बियानी आणि सहकारी यांनी १९७१ मध्ये त्यांचे वर्णन केले. पेशींना हे सगळे करायला सांगणाऱ्या रासायनिक निरोप्यांत टीजीएफ-बीटा हे नाव महत्त्वाचे आहे. निरोप आला की पेशी धागे काढतात. जखम बंद झाली की निरोप मंदावतो, ओढणाऱ्या पेशी आपापत मरून जातात आणि काम थांबते. पुढे वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घाईने टाकलेले धागे काढून त्या जागी पक्के धागे घालण्याचे काम चालते. वण हळूहळू लालीतून फिका आणि सपाट होतो.

तरी वण म्हणजे मूळ कातडी नव्हे. निरोगी कातडीत कोलॅजेनचे धागे टोपलीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने पडलेले असतात. म्हणून पूर्ण भरलेल्या वणाची ताकदही मूळ कातडीच्या सुमारे ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. रफू आणि ठिगळ यांतला फरक ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. वण हे शरीराने घाईत लावलेले ठिगळ आहे, आणि घाई योग्यच आहे. जखम उघडी राहणे त्याहून धोक्याचे.

भरणे थांबत नाही तेव्हा

'जखम भरते' या मराठी प्रयोगात एक नेमकेपणा आहे. भांडे भरते, विहीर भरते, तशी जखम भरते. आणि काठाला आली की भरणे थांबले पाहिजे. असाधारण वण म्हणजे न थांबलेले भरणे. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

पहिल्या प्रकारात वण जाड, लाल, उंच होतो, खाजतो, पण जखमेच्या मूळ सीमेतच राहतो. भांडे काठोकाठ भरून वर शीग आली, पण सांडले नाही. भाजल्यानंतर आणि सांध्यांवर तो जास्त दिसतो, जखमेनंतर काही आठवड्यांत सुरू होतो आणि बहुधा कालांतराने थोडा बसतो. याला अतिवृद्ध वण म्हणू.

दुसरा प्रकार केलॉइड. यात वण मूळ जखमेची सीमा ओलांडून निरोगी कातडीत शिरतो. शीग ओसंडून बाहेर सांडते. तो काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होतो आणि सहसा आपोआप बसत नाही. कान टोचल्याचे एवढेसे भोक. त्यावर बोराएवढा, आवळ्याएवढा गोळा येतो. छातीवर मुरुमाच्या एका पुटकुळीतून आडवा पट्टा पसरतो. कानाची पाळी, छाती, खांदे आणि जबड्याची कडा या त्याच्या आवडत्या जागा. खांद्याजवळ बीसीजी लस टोचली जाते, तिथेही तो कधी कधी दिसतो. दहा ते तीस या वयात तो अधिक आढळतो, गडद वर्णाच्या लोकांत अधिक आढळतो, आणि एकाच घरातल्या अनेकांना होऊ शकतो.

आत पाहिले तर केलॉइडमध्ये कोलॅजेनचे जाड, काचेसारखे दिसणारे जुडगे असतात. त्यातल्या तंतुजनक पेशी टीजीएफ-बीटाच्या निरोपाला वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात आणि वेळेवर मरत नाहीत. कातडीवरचा ताण हेही एक कारण आहे. पेशींना ओढ जाणवते, आणि ओढ असेपर्यंत त्या 'अजून भक्कम करायला हवे' असे समजून धागे घालत राहतात. छातीची कातडी हातांच्या प्रत्येक हालचालीने ताणली जाते, त्यामुळे तिथला केलॉइड ताणाच्या दिशेने वाढतो. कानाच्या पाळीवर एवढा ताण नसतो, तरीही तिथे केलॉइड होतो. म्हणून ताण हे एकमेव कारण मानता येत नाही. वंशपरंपरा, रेंगाळलेली सूज आणि ताण यांचा एकत्र परिणाम असतो. चुंबकीय थरात अणूंनी जागा कुठे घेतली हा प्रश्न होता. इथे प्रश्न धाग्यांची जागा आणि थांबण्याची वेळ असा दुहेरी आहे.

नावाने होणारे नुकसान

आपल्या घरांत केलॉइडला सरसकट 'गाठ' म्हणतात. गाठ म्हटले की पुढचे वाक्य ठरलेले: काढून टाका. पण केलॉइड नुसता कापला, दुसरा काही उपचार केला नाही, तर निम्म्याहून अधिक वेळा तो परत येतो, आणि पुष्कळदा आधीपेक्षा मोठा होऊन येतो. कारण साधे आहे: कापणे म्हणजे नवी जखम, आणि या कातडीला जखम भरताना थांबता येत नाही, हाच तर आजार. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आधी दुसऱ्या वाटा वापरतात. काही आठवड्यांच्या अंतराने वणातच ट्रायॅम्सिनोलोनची इंजेक्शने, सिलिकॉनची पट्टी, सतत दाब, अतिथंड द्रवाने गोठवणे. शस्त्रक्रिया करायचीच तर तिच्यानंतर लगेच इंजेक्शने किंवा मोजकी किरणचिकित्सा. कोणताही एक उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. वेळ आणि चिकाटी लागते.

'गाठ' शब्दाचे दुसरे नुकसान म्हणजे भीती. कित्येक माणसे कर्करोगाच्या धास्तीने वर्षानुवर्षे कुणाला दाखवत नाहीत. केलॉइड कर्करोग नाही. गंमत अशी की ही गफलत आजाराच्या मूळ नावातच झाली होती आणि नाव ठेवणाऱ्यानेच ती दुरुस्त केली. पॅरिसमधल्या सेंट लुई रुग्णालयातले झाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये या वणाचे वर्णन केले तेव्हा कर्करोगाशी नाते सांगणारे नाव दिले होते. पुढे गैरसमज टाळण्यासाठी त्यांनी ते बदलले आणि ग्रीक भाषेतला खेकड्याच्या नांगीचा शब्द घेतला. कडेने फुटणाऱ्या फांद्या तशा दिसतात म्हणून. कर्करोगातला 'कर्क'ही खेकडाच. खेकडा तोच राहिला. अलिबेर यांनी रोग सोडून फक्त नांगी ठेवली.

आपल्याकडची शब्दकथाही पाहण्यासारखी आहे. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. सुश्रुतसंहितेतले व्रणाचे अध्याय जखमांचे आहेत. त्यात भरून आणणे म्हणजे 'रोपण', आणि भरल्यानंतर राहिलेली विकृती घालवणे म्हणजे 'वैकृतापह' अशा वेगळ्या पायऱ्या आहेत. उंच वाढलेले मांस खाली बसवण्यालाही स्वतंत्र नाव आहे, 'अवसादन'. मराठीत येताना 'व्रण' आणि त्यातून झालेला 'वण' यांचा अर्थ सरकला आणि जखमेची मागे उरलेली खूण असा झाला. म्हणून जुन्या वैद्यकग्रंथातला व्रण वाचताना जखम समजावी, आणि आजच्या मराठीतला वाचताना वण. शिक्षकांनी हे आधीच सांगितले तर विद्यार्थ्यांचा बराच घोळ टळेल. केलॉइडला मी 'ओसंडलेला वण' म्हणतो. त्यात गाठीची भीती नाही, आणि सीमा ओलांडल्याचे मुख्य लक्षण आहे.

एक गोष्ट आपल्या रीतीबद्दलही. पुष्कळ मराठी घरांत बाळाचे कान बारशाच्या सुमाराला टोचतात. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत, अकरा वर्षांनंतर कान टोचलेल्यांत केलॉइड जास्त आढळले, त्याआधी टोचलेल्यांत कमी. पाहणी छोटी आहे, तिच्यावर मोठा निष्कर्ष उभारू नये. पण घरात कुणाला ओसंडलेला वण असेल तर तरुण वयात कानाला तिसरे-चौथे भोक पाडण्यापूर्वी किंवा हौसेने गोंदवण्यापूर्वी विचार करावा, एवढे सांगता येते.

पुढे काय?

या दोन विषयांत एक प्रत्यक्ष दुवाही आहे, लेसरचा. वडीवरून अणू उडवून थर बसवणारा लेसर आणि लाल वणातल्या केशवाहिन्या बंद करणारा लेसर यांचे तत्त्व एकच: आजूबाजूचे तापण्याआधी, अगदी थोड्या वेळात, नेमक्या जागी ऊर्जा द्यायची. ऊर्जा किती आणि किती वेळ, याचा हिशेब मात्र दोन्हीकडे अगदी वेगळा.

शिक्षकांसाठी एक सुचवणे आहे. असा विषय वर्गात घेताना पहिली दहा मिनिटे एकही पारिभाषिक नाम वापरू नये, फक्त क्रियापदांनी गोष्ट सांगावी. काय पेरले, ते कुठे बसले, कशाने साकळले, किती भरले, कधी थांबले. नावे नंतर द्यावीत. अर्धसंवाहक द्या, अर्धचालक द्या, सेमीकंडक्टर द्या. गोष्ट समजलेली असेल तर तिन्ही चालतात.

यात इंदूरच्या मराठीपुढचा एक प्रश्न दडला आहे. आमची मुले विज्ञान शिकतात इंग्रजीत किंवा हिंदीत, त्यामुळे विज्ञानाची नामे त्यांना शाळेतून मिळतील. क्रियापदे मात्र घरातूनच मिळतात, आणि इथल्या पुष्कळ घरांत मराठी आता स्वयंपाकघरापुरती उरली आहे असे आपण खंतावून म्हणतो. मला ती खंत अर्धीच पटते. विरजण लावणे, गुठळी होणे, शीग येणे, ओसंडणे, मुरणे हे शब्द स्वयंपाकघरातलेच आहेत, आणि पदार्थ कसा वागतो हे सांगायला त्यांच्याइतके नेमके शब्द मला दुसरीकडे मिळालेले नाहीत. ते मुलांच्या कानांवर पडत राहिले पाहिजेत. पिठले करताना गुठळी मोडायला मुलाला जवळ बोलवावे, आणि मोडता मोडता तिला गुठळी म्हणतात हेही सांगावे.